टिकणारी माणसं

गुण्याकाकांना हे नाव कारखान्याने दिलं होतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. काकांना मात्र त्यासाठी हत्याराची गरजच पडत नसे, त्यांची नजर पुरायची. कुणाच्या घरी गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी दाराची चौकट बघायचे आणि म्हणायचे, "वरच्या अंगाला सूतभर कललंय." घरमालकाला त्या दारातून वीस वर्षं ये-जा करून जे कळलं नव्हतं ते यांना उंबऱ्यातच कळायचं. आणि एकदा सांगून गेले की त्या बिचाऱ्याला पुढे कधी ते दार सुखाने लावता यायचं नाही. शेजारी गमतीने म्हणायचे, यांना जेवायला जरूर बोलवावं, पण आधी दारं काढून ठेवावीत.

बिजागऱ्या, कड्या आणि डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात काका एकोणचाळीस वर्षं होते. ज्या साच्यात पत्रा दाबून बिजागरी बनते तो साचा घडवणं हे त्यांचं काम. शेवटची बारा वर्षं ते टूलरूमचे फोरमन होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी पहाटे पावणेसहाला उठायचे, दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि मग आता कुठे जायचं हे आठवेना म्हणून खिडकीपाशी बसायचे.

नोकरी कशी लागली याची त्यांची एक गोष्ट होती. घरात कुणी नोकरीचा 'न' उच्चारला की ती निघायचीच.

"एकोणीस वर्षांचा होतो. सकाळी सातला फाटकावर जाऊन उभा राहिलो. फोरमन बाहेर आला. त्याने लोखंडाचा एक तुकडा दिला, कानस दिली आणि म्हणाला, हा सपाट करून दाखव. दोन तास घासला. त्याने त्यावर पट्टी ठेवून उजेडाकडे धरला. मधून केसाएवढासुद्धा उजेड आला नाही. म्हणाला, उद्यापासून ये. संपलं. ना अर्ज, ना फोटो."

शेवटचे चार शब्द काकू कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांच्या आधीच म्हणून टाकायच्या. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. गोष्टीचं तात्पर्य त्यांनी स्वतःकडे राखून ठेवलेलं असायचं. "काम करायचं मनात असलं की काम मिळतं. आजकालची पोरं टिकत नाहीत, त्याला कोण काय करणार?"

हे तात्पर्य जिच्या कानावर पडावं असं त्यांना वाटायचं ती घरातच राहत होती. त्यांची धाकटी मुलगी, वय पंचवीस. थोरला मुलगा केव्हाच दुसऱ्या शहरात स्थिरावला होता. धाकटीने यंत्राच्या सुट्या भागांची रेखाटनं संगणकावर करायचा तीन वर्षांचा डिप्लोमा केला होता. मन लावून केला होता. कागदावर नुसती चार वर्तुळं असलेला भाग ती पडद्यावर असा काही उभा करायची की तो बोटांनी उचलावासा वाटायचा. काका मागून बघायचे, "छान" म्हणायचे, आणि मनात म्हणायचे, पण हाताला काळं लागलं नाही ते कसलं काम?

तिला पहिली नोकरी पंखे बनवणाऱ्या कंपनीत लागली. कंपनीत म्हणजे कंपनीत नाही, कंपनीला माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीत. अकरा महिने झाले आणि एजन्सीने कळवलं की उद्यापासून यायची गरज नाही. बारा महिने भरले असते तर कायम करावं लागलं असतं. पुढे पंपांच्या कंपनीत लागली. तिथेही अकरा महिने. त्या दिवशी ती घरी आली तेव्हा काकांनी विचारलं, "हीसुद्धा सोडलीस?"

"संपली," ती म्हणाली.

सोडणं आणि संपणं यातला फरक काकांच्या कानांनी टिपला नाही. जे कान यंत्राच्या आवाजावरून कुठला बोल्ट ढिला आहे ते सांगायचे, ते घरात अधूनमधून असे बहिरे व्हायचे.

त्यानंतर चौदा महिने ती घरी होती. काकू एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करायच्या, त्या सकाळी नऊला बाहेर पडायच्या. मग तीन खोल्यांच्या त्या घरात दिवसभर दोघंच. दोघंही बिनकामाचे, पण एकाला लोक निवृत्त म्हणायचे आणि दुसरीला रिकामी. काका दुपारी पडले तर त्याला विश्रांती म्हणत. तिची खोली दुपारी बंद असली तर तिला झोप काढायला वेळ बरा मिळतो असं म्हणत. काकाही म्हणत.

एका रविवारी काकूंचे भाऊ सहकुटुंब आले. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मामांनी सहज विचारलं, "काय गं, सध्या काय करतेस?"

ती उत्तर द्यायच्या आत काका म्हणाले, "ती? ती सध्या निवृत्त आहे. आमच्यात बढती लवकर मिळते."

सगळे हसले. तीही हसली. हसत हसतच तिने कप गोळा केले आणि आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला, तेवढ्या कपांना लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या खोलीचं दार बंद राहू लागलं. रोज अकराला दोघं एकत्र चहा प्यायचे, तो बंद झाला. ती आपला कप घेऊन आत जायची. "जेवलीस?" "हो." "बाहेर जाणारेस?" "नाही." एवढंच बोलणं. काकांनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी काकूंपाशी विषय काढला. "एवढ्याशा विनोदाचा एवढा राग? आम्ही फोरमनच्या शिव्या खाल्ल्या."

काकू दवाखान्याची ओळखपट्टी गळ्यात अडकवत होत्या. त्या म्हणाल्या, "लोखंड तपासताना तुम्ही किती जपून हात लावता ते मी ऐकलंय. पोरीला मात्र थेट हातोडा." आणि कामावर गेल्या.

काकांना ते लागलं. लागलेलं कबूल करायची सवय नसल्यामुळे त्यांनी ठरवलं की आता आपणच हे काम उरकून टाकायचं. फाटकावर जायचं, समोरासमोर बोलायचं, काम सांगून यायचं. पुढच्या मंगळवारी धाकटी आंघोळीला गेलेली असताना त्यांनी कपाटातून तिच्या प्रमाणपत्रांच्या प्रतींची निळी फाईल काढली, बगलेत मारली आणि जुन्या कारखान्याची बस पकडली.

फाटक तेच होतं. पण शेजारचं लहान दार, जिथून एकोणचाळीस वर्षं ते आत गेले, ते आता काचेचं होतं आणि कार्ड टेकवल्याशिवाय उघडत नव्हतं. राखणदार नवा होता. "कुणाला भेटायचंय? वेळ घेतलीय?"

"मी इथे फोरमन होतो."

"हो, पण वेळ घेतलीय का?" तो अगदी नम्रपणे म्हणाला.

काका बाजूच्या बाकावर बसले. अर्ध्या तासात तीन तरुण आले. तिघांनाही राखणदाराने भिंतीवर चिकटवलेला एक चौकोनी ठिपक्यांचा कागद दाखवला. त्यांनी त्याचा फोनने फोटो काढला आणि निघून गेले. आत कुणाशी बोलणं नाही, कुणी बाहेर येणं नाही. काकांनी मनाशी म्हटलं, हे चाललंय तरी काय? आले काय, भिंतीला भेटले काय, निघाले काय.

शेवटी राखणदाराने आत फोन लावून दिला आणि उत्पादनाचे मोठे साहेब स्वतः बाहेर आले. हे साहेब म्हणजे एके काळचा काकांचाच शिकाऊ उमेदवार. जाड भिंगांमुळे त्याला काकांनी नाव ठेवलं होतं चष्म्या. आता चाळिशी गाठली होती आणि चष्मा गेला होता, पण काकांच्या तोंडून निघालंच, "काय रे चष्म्या."

साहेब मनापासून हसले. "काका, अख्ख्या इमारतीत मला असं म्हणणारं कुणी उरलं नाही. चला आत."

त्यांनी काकांना टूलरूममध्ये नेलं. बाकं निम्मी झाली होती, यंत्रं वाढली होती. काही जणांचे शर्ट निळे होते, बहुतेकांचे करडे. निळे म्हणजे कायमचे, करडे म्हणजे एजन्सीचे, साहेबांनी सांगितलं. काका एका टेबलापाशी थांबले. करड्या शर्टातली एक मुलगी साच्याचा तुकडा मोजत होती. काकांनी तो न विचारता उचलला, अंगठा कडेवरून फिरवला, उजेडाकडे धरला. मग परत होता तिथे आणि होता तसाच ठेवला. तुकडा बोट दाखवायला जागा नाही असा झाला होता.

"किती दिवस झाले इथे?" त्यांनी विचारलं.

"सातवा महिना," ती म्हणाली. "अजून चार आहेत."

"आणि मग?"

तिने आधी साहेबांकडे पाहिलं, मग काकांकडे. "मग ब्रेक. मग बघायचं."

केबिनमध्ये चहा आला. काकांनी निळी फाईल टेबलावर ठेवली. साहेबांनी ती उघडली, मन लावून वाचली, मिटली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "मुलगी हुशार आहे काका. पण मी ही ठेवून घेऊन करू काय? सगळं ऑनलाईन येतं, एजन्सी चाळते, वरून यादी येते. खरं सांगतो, माझ्या हातात नाही." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "पण तुम्ही आलात ते बरं झालं. मी फोन करणारच होतो. तुम्हीच या ना परत. दोन वर्षं. सल्लागार म्हणून घेतो. वेळ तुमच्या सोयीची. जुन्या साच्यांचं कुणाला काही कळत नाही. आजकालची पोरं टिकत नाहीत हो."

काकांनी हे वाक्य आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोण जाणे. दुसऱ्याच्या तोंडून, चहाच्या कपावरून, अशा सहजतेने ते पहिल्यांदाच ऐकलं. वर्मी लागावं तसं झालं. ते म्हणाले, "आठवडाभराने सांगतो," आणि फाईल बगलेत मारून निघाले. बस दोन थांबे पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात भांडतोय. टिकत नाहीत म्हणे. तूच अकराव्या महिन्यात दार दाखवतोस आणि वर म्हणतोस टिकत नाहीत. आणि हे भांडण चष्म्याशी आहे की आणखी कुणाशी, हे त्यांना नीट ठरवता येईना.

घरी येऊन त्यांनी फाईल गुपचूप जागेवर ठेवली.  गुरुवारी अकराला त्यांनी दोन कप चहा केला आणि बंद दारावर टकटक केली.

"बाबा, आत्ता नको. माझी मुलाखत आहे."

"घरात?"

दार उघडलं. धाकटीने वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खाली घरातली फुलाफुलांचा पायजमा. केस चापूनचोपून बसवलेले. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यामागे पुस्तकांच्या चळतीवर एक टेबललॅम्प, तो सारखा मान टाकत होता.

"साहेब कुठायत?" काकांनी पडद्याकडे बघत विचारलं. पडद्यावर तीच दिसत होती.

"साहेब नसतात. पडद्यावर प्रश्न येतो. तीस सेकंद विचार करायचा, दोन मिनिटं बोलायचं. सगळं रेकॉर्ड होतं. एकदाच. चुकलं तर चुकलं." तिने पुन्हा लॅम्प सरळ केला, तो पुन्हा पडला. "आणि चेहऱ्यावर उजेड नसला तर ते मार्क कापतात, असं म्हणतात."

काकांनी चहाचे कप जमिनीवर ठेवले. लॅपटॉप डावीकडे सूतभर कलला होता, त्याच्याखाली वर्तमानपत्राची घडी सरकवली. मग लॅम्प उचलला, पलंगाच्या कडेला पडद्यात दिसणार नाही असे बसले आणि हात लांब करून तो तिच्या चेहऱ्यासमोर धरला. "हं. कर सुरू."

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळली, खांदे ताठ केले आणि हसली. समोर कुणी नव्हतं. एका काळ्या टिकलीएवढ्या भिंगाकडे बघून ती तशी हसली, घरात आलेल्या पाहुण्याकडे बघून हसावं तशी. काकांना ते बघवेना. पण हात हलवून चालणार नव्हतं.

पहिला प्रश्न आला, दुसरा आला. ती नीट, ठाम बोलत होती. साचा कुठे फाटतो, कोपरा गोल का ठेवायचा, पत्र्याची जाडी बदलली की फट किती ठेवायची. काका ऐकत राहिले. ही त्यांचीच विद्या होती, फक्त शब्द वेगळे होते. एवढं हिला येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. चौथा प्रश्न पडद्यावर उमटला. 'तुमच्या पिढीतले उमेदवार लवकर नोकरी सोडतात. तुम्ही आमच्याकडे किती काळ राहाल?'

तीस सेकंद गेली. ती म्हणाली, "मी आजवर एकही नोकरी स्वतःहून सोडलेली नाही. दोन्ही वेळा मला अकराव्या महिन्यात थांबवलं. दोन्ही ठिकाणी माझी तिथे राहायची इच्छा होती. पहिल्या ठिकाणी मी शेवटच्या दिवशी उरलेलं रेखाटन पूर्ण करून मग निघाले, कारण ते अर्धं राहिलेलं मला आवडलं नसतं." एवढं बोलून ती थांबली. अजून एक मिनिट शिल्लक होतं. ती त्या भिंगाकडे बघत राहिली.

काकांनी लॅम्प आणखी थोडा पुढे धरला. 

मुलाखत संपली. चहा केव्हाच गार झाला होता, दोघांनी तोच प्यायला. कप खाली ठेवतात तोच लॅपटॉपने टिंग केलं. तिने वाचलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. आपल्या स्वारस्याबद्दल आभार, यावेळी आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

काकांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पाच मिनिटांत उत्तर. अगं, तू बोललीसच त्याहून जास्त. मग ऐकलं कुणी?"

"कुणी नाही. मशीन ऐकतं बहुतेक. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, सवय आहे."

"अशा किती झाल्या?"

"ही विसावी की एकविसावी. नुसते अर्ज धरले तर..." तिने पुढचं हवेत सोडून दिलं.

काकांनी दोन्ही कप बाजूला सारले. मग त्यांनी कारखान्यात गेल्याचं सांगितलं. फाईल चोरून नेल्याचं, भिंतीवरच्या ठिपक्यांच्या कागदाचं, करड्या शर्टातल्या मुलीचं, चष्म्याने काय म्हटलं त्याचं. ती ऐकत होती, रागावली नाही. तेव्हा त्यांना धीर आला आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली.

"ती कानशीची गोष्ट आहे ना. ती खरी आहे. दोन तास घासलं हे खरं, उजेड आला नाही हेही खरं. पण त्या सकाळी फोरमन बाहेर का आला, ते मी कधी सांगितलं नाही. माझे मामा तिथे वजनकाट्यावर होते. त्यांनी आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलं होतं, भाचा येतोय, जरा बघा. त्या सकाळी फाटकावर आम्ही तीसेक जण होतो. कानस माझ्या एकट्याच्याच हातात पडली."

धाकटीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे वशिला?"

"वशिला नाही गं." काकांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे, वशिलाच."

ती हसायला लागली. इतकी हसली की पलंगावर आडवी झाली. एवढे महिने त्या खोलीतून हा आवाज आला नव्हता. काकाही ओशाळं हसले. मग ती डोळे पुसत उठून बसली. "मीही एक सांगू? मैत्रिणींमध्ये मी तुमच्याबद्दल काय म्हणायचे माहितीय? त्यांच्या पिढीला सगळं ताटात वाढून मिळालं, आता ढेकर देत आपल्याला शिकवतात."

"ढेकर?"

"हो. सॉरी."

काकांनी मान हलवली. "ताट तसं होतं. नाही म्हणत नाही. पण सहाव्या वर्षी मला ड्रॉइंग ऑफिसात जायचं होतं. तू करतेस तेच काम, कागदावर, पेन्सिलीने. हात चांगला होता माझा. ते म्हणाले, प्रमाणपत्र आण. रात्रशाळेचं शिक्षण झेपेल की नाही, आणि तोवर ही जागा गेली तर, या भीतीने मी विचारणंच सोडून दिलं. लोक म्हणतात एकोणचाळीस वर्षं टिकला. त्यातली निम्मी मी नुसता घाबरून टिकलो."

हे त्यांनी काकूंनाही कधी सांगितलं नव्हतं.  धाकटीने लॅपटॉपवर आपलं एक जुनं रेखाटन काढलं आणि पडदा त्यांच्या बाजूला सरकवला. "हे बघा ना. पंपाचं झाकण. इथे फट किती ठेवायची त्यावरून तिथे वाद झाला होता. तुम्ही काय केलं असतंत?"

त्या दिवशी दुपारचं जेवण तीन वाजता झालं.

आठवडा भरला तसा काकांनी साहेबांना फोन केला. म्हणाले, "मला नको ती जागा. त्या करड्या शर्टाच्या मुलीला कायम कर. तिचा हात बघितलाय मी. जुने साचे तिला मी येऊन शिकवीन, फुकट."

"काका, माझ्या हातात असतं तर..."

"नाही ना? माहितीय. तू वाईट नाहीस. पण मग एक कर, पोरं टिकत नाहीत असं म्हणणं तरी सोड. मीही सोडलंय."

 "बघतो," साहेब एवढंच म्हणाले. त्या मुलीचं पुढे काय झालं ते काकांना कळलं नाही. चार महिन्यांनी त्यांनी फोन केला तेव्हा ती तिथे नव्हती.

पण या घरात एक रीत पडली. सकाळी अकराला दोन कप चहा धाकटीच्या खोलीत जायचा. काका अर्ज भरू लागले. म्हणजे ती सांगायची आणि ते एका बोटाने, कानस चालवावी तशा निगुतीने, एकेक अक्षर दाबायचे. प्रमाणपत्रं जोडल्यावर पुन्हा तीच माहिती रकान्यांत का भरायची, यावर त्यांचा रोज एकदा संताप व्हायचा. 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असं पडद्यावर आलं की म्हणायचे, "आधी तुम्ही करा." मामा पुन्हा आले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा काका म्हणाले, "काम शोधते. पूर्ण वेळाचं काम आहे ते, सुट्टीही नाही. मी तिचा मदतनीस आहे." यावर कुणी हसलं नाही, आणि कुणी हसावं अशी काकांची अपेक्षाही नव्हती.

काम मिळालं ते पावणेदोन महिन्यांनी, आणि यातल्या कुठल्याच अर्जाने नाही. सात महिन्यांपूर्वी तिने स्वतःच पाठवलेला आणि पार विसरलेला एक अर्ज कुणीतरी उघडला. दवाखान्यातल्या खाटा आणि चाकाच्या खुर्च्या बनवणारी लहानशी कार्यशाळा. एकूण नऊ माणसं. मालकीणबाई साठीच्या, त्यांनी स्वतः फोन केला, समोर बसवून तास-दीडतास बोलल्या, आणि तीन महिन्यांच्या परीक्षेवर घेतलं. पगार तिने मनात धरला होता त्याहून बराच कमी होता. शिवाय दोन बस बदलून जावं लागणार होतं.

"जाऊ?" तिने घरी येऊन विचारलं.

"एजन्सी?" काकांनी विचारलं.

"नाही. थेट. परीक्षा पास झाले तर कायम, असं त्यांनी कागदावर लिहून दिलंय."

काकांनी कागद घेतला आणि दोनदा वाचला. साच्याची कड बघावी तसा वाचला. मग म्हणाले, "तुला जावंसं वाटतंय का?" हा प्रश्न त्यांनी तिला याआधी कधी विचारला नव्हता, आणि तो विचारताना आपलाच आवाज त्यांना जरा परका वाटला.

"वाटतंय," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी घर भलतंच शांत होतं. काकांनी सवयीने अकराला दोन कप चहा केला आणि दोन्ही स्वतःच प्यायले.

तीन आठवडे झाले असतील. एका संध्याकाळी धाकटी घरी आली ती धुमसतच. पिशवी खुर्चीवर आदळली आणि पाणी न पिताच सुरू झाली. "बाबा, तिथे एक जुने वेल्डर आहेत. तीस वर्षं तिथेच. मी खुर्चीच्या पायटेकूची नवी रचना केली, तर म्हणतात हे चालणार नाही. का, ते सांगत नाहीत. नुसतं, आम्ही असंच करत आलो. या जुन्या माणसांचं असंच असतं, नवीन काही म्हणून ऐकून घ्यायचं नाही, हेकटपणा नुसता..."

आणि ती थांबली. समोर काका बसले होते, इस्त्रीच्या शर्टात, हात मांडीवर ठेवून.

काकांचा चेहरा अगदी गंभीर होता. फक्त मिशीची डावी बाजू किंचित हलली. "बोल, बोल. ढेकराचं राहिलं."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"असू दे. असतात काही हेकट, मी होतोच. पण तो 'नाही' का म्हणाला, हे तो सांगत नाही, की त्याला सांगता येत नाही? तीस वर्षं हाताने बोललेल्या माणसाला तोंडाने बोलायला वेळ लागतो. कशावर बोट ठेवून 'नाही' म्हणाला?"

धाकटीने जरा आठवलं. मग पिशवीतून वही काढली, जमिनीवर फतकल मारून बसली आणि पायटेकूचं चित्र काढू लागली. "इथे. हा जो वाकवलेला भाग आहे ना, याच्यावर."

काकाही गुडघे धरत खाली उतरले. तिच्या हातातली पेन्सिल घेतली, एक रेघ मारली, खोडली. तिने त्यांच्या हातातून परत घेतली. माणूस पायावर जोर देऊन उठतो तेव्हा सगळा भार कुठे येतो, यावर वाद सुरू झाला. मग काकांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, त्यावर बसून पाय टेकवून उठून दाखवलं. मग तिने दाखवलं. मग पुन्हा त्यांनी. वेल्डरचं म्हणणं निम्मं बरोबर निघालं, तिचंही निम्मं बरोबर निघालं, आणि उद्या त्याला नेमकं काय विचारायचं ते तिने वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

काकू दवाखान्यातून आल्या तेव्हा बाप-लेक जमिनीवर कागदांच्या पसाऱ्यात बसले होते. स्टूल दारात आडवं पडलं होतं. त्यांनी ते पायाने बाजूला सारलं, आत डोकावल्या आणि परत आल्या.

"घरात दोन दोन कामाची माणसं," त्या म्हणाल्या, "आणि चुलीवर साधं पाणीसुद्धा नाही ठेवलेलं."

"आलो," दोघंही एकदम म्हणाले, आणि जागचं कुणीच हललं नाही.